गिरगाव ते लालबाग, थरथरीसकट

गिरगावातून लालबागला जायला टॅक्सीला अर्धा तास लागतो. आम्हाला आठवडा लागला. या मुलखात तुम्ही कधी गेला नसाल असं नाही, पण आम्ही गेलो तसे नक्कीच गेला नसाल, आणि तेवढ्याच बळावर हे लिहायला बसलो आहे. आमच्या ओळखीत लडाखला जाऊन आलेली माणसं आहेत, युरोप करून आलेली आहेत, आणि सगळ्यांनी मिळून आम्हाला फोटो दाखवून जेरीस आणलेलं आहे. आता आमची पाळी.

प्रवासाचं कारण ताईमावशी. ही माझ्या आईची थोरली बहीण, लालबागला राहते. एका रविवारी सकाळी तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा, त्यात धाकट्या बहिणीने ओवाळायचं असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलेलं. अडचण एवढीच की धाकटी बहीण गेल्या वर्षी मोरीत पडली आणि तिच्या मणक्याला चीर गेली. तेव्हापासून आई घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते, ओट्यापर्यंत येते, खिडकीत बसते. एकदा टॅक्सीतून डॉक्टरांकडे नेली तर दर खड्ड्याला तिने माझा हात घट्ट धरला आणि अवाक्षर काढलं नाही. आई गप्प बसते ही गोष्ट आमच्या घरात कोणी पाहिलेली नव्हती. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, पण धक्का नको आणि थरथर तर अजिबात नको.

म्हणून आम्ही विजेची गाडी घेतली. विकणारा मुलगा म्हणाला होता, "सर, डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही." दोन महिने ते खरं ठरलं. आईला चौपाटीपर्यंत फिरवून आणली तेव्हा ती म्हणाली, "ही चाललीय का रे? मला तर चौपाटीच मागे चाललीय असं वाटतंय." त्याच संध्याकाळी तिने ताईमावशीला फोन करून टाकला, येतेय म्हणून.

मग आम्ही नवराबायको तीन दिवस कोल्हापूरला एका लग्नाला गेलो. आईला सोबत म्हणून शेजारच्या बाळा परबची बायको झोपायला येत होती. परत आलो, तर आईने वाडीच्या सत्यनारायणाचा प्रसाद आमच्यासाठी डब्यात राखून ठेवलेला, आणि गाडी मी लावून गेलो होतो त्यापेक्षा जरा सरळच उभी दिसली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली, मोकळा रस्ता पाहून पाय दाबला, आणि बुडाखालची सीट थरथरायला लागली.

गिरगाव

आधी आमच्या देशाची ओळख करून देतो. ठाकूरद्वारच्या अलीकडे एक वाडी. मध्ये चौक, चौकाभोवती तीन चाळी, आणि चौकात एकमेकींना खेटून उभ्या गाड्या. आतली गाडी काढायची तर आधी बाहेरच्या चार हलवाव्या लागतात, आणि त्या चारांचे मालक कधीही जागेवर नसतात. म्हणून वाडीचा कायदा आहे: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही. ज्याला निघायचं असेल तो बाकीच्यांच्या गाड्या ढकलतो आणि निघतो. दादरच्या सोसायटीत दुसऱ्याच्या गाडीला हात लावला तर सेक्रेटरी नोटीस लावतो. आमच्याकडे हात लावू दिला नाही तर माणूस शिष्ट ठरतो.

मी शिष्ट ठरलो होतो. कारण आमची गाडी न्यूट्रलमध्ये उभीच राहत नाही. दार उघडून खाली उतरलं की ती आपोआप चाकं जखडून घेते. हे मी बाळा परबला समजावून सांगितलं. बाळा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. नोकरी पतपेढीत, पण खरं कसब जड वस्तू हलवण्यात. आमचा गणपती कारखान्यातून मंडपात आणि मंडपातून चौपाटीवर जातो तो बाळाच्या हुकुमाने. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, एवढी महाग गाडी घेतलीत आणि ढकलता येत नाय?"

"ढकलायची गरजच नाही. मला हाक मार, मी काढतो."

"बघा हं," बाळा म्हणाला.

तर थरथर. तिचा स्वभाव मी दोन दिवस अभ्यासला. गाडी सावकाश चालवली तर काही नाही. एका वेगात चालू ठेवली तरी काही नाही. पण पाय दाबून वेग घ्यायला लागलं की तिशी ओलांडताना थरथर सुरू, पन्नासच्या पुढे कमी. पाय काढला की गायब. आईला ओट्यावरून गाडीत बसवून वाडीच्या तोंडापासून समुद्रापर्यंत नेलं. तिने माझा हात धरला नाही, कारण मी गाडी चालवत होतो, पण समोरच्या सीटची पाठ धरली. आणि बोलली नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "ताईला सांगते, नाही जमायचं. तुम्ही दोघं जाऊन या."

"अजून आठवडा आहे," मी म्हणालो.

"ऐंशीला टेकलेल्या माणसाला आठवडा आहे असं सांगू नये रे," आई म्हणाली, आणि खिडकीत जाऊन बसली. दोघी बहिणी दीड वर्षात भेटल्या नव्हत्या. मला त्या क्षणी रडू आलं, पण बायको समोर होती म्हणून मी गाडीच्या कंपनीला शिव्या दिल्या. त्या निष्कारण होत्या हे पुढे कळलं.

दादर

परदेशी जाताना लोक कॅमेरा घेतात, आम्ही स्टीलचा पेला घेतला. तो पाण्याने काठोकाठ भरून माझी बायको नीला पुढच्या सीटवर मांडीवर धरून बसायची. पाणी हललं तर थरथर आहे, सांडलं तर आई जाणार नाही. इतकं स्वस्त आणि इतकं स्पष्ट उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

दादरच्या सर्व्हिस सेंटरात एक गोड मुलगा होता, हातात टॅब, गळ्यात पट्टा. त्याने माझी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाला, "सर, आपण टेस्ट ड्राइव्ह घेऊ, मी स्वतः फील करतो."

इथे या प्रदेशाची भूगोलातली मोठी अडचण सांगितली पाहिजे. आमच्या गाडीचा आजार वेग घेताना दिसतो, आणि दादरला वेग नाही. फूलवाले होते, भाजीच्या पाट्या होत्या, रस्त्याच्या मधोमध उभं राहून झेंडूचा भाव करणारं एक अख्खं वऱ्हाड होतं. आम्ही बाराच्या वर गेलो नाही. स्टीलच्या टोपांनी भरलेली एक हातगाडी आम्हाला मागे टाकून निघून गेली.

"सर, मला तर एकदम स्मूथ वाटतेय," मुलगा म्हणाला.

"अहो, वेग घ्या ना."

"कुठे घेऊ, सर?"

प्रश्न रास्त होता. आम्ही परत आलो. त्याने गाडीला वायर लावली, टॅबवर हिरव्या खुणा आल्या, आणि सॉफ्टवेअर नवीन करून दिलं. तेव्हापासून गाडी चालू केली की शुभ प्रभात म्हणते. संध्याकाळीसुद्धा.

दुःख हलकं करायला आम्ही साबुदाणा वडा आणि वर पियूष घेतलं. गिरगावच्या माणसाने दादरच्या साबुदाणा वड्याची स्तुती करू नये असा आमच्याकडे संकेत आहे, म्हणून करत नाही. दोन प्लेट खाल्ल्या.

परतताना हिंदमाताच्या पुलावर अचानक रस्ता मोकळा मिळाला. "धर हं पेला," म्हणून मी पाय दाबला. शुभ प्रभात म्हणणारी गाडी अशी थरारली की अर्धा पेला नीलाच्या साडीवर. नीला शांतपणे म्हणाली, "पूल उतरलास की डावीकडे घे." डावीकडे साड्यांची दुकानं आहेत. तिने स्वतःला एक साडी घेतली, ताईमावशीला एक घेतली आणि आईसाठी एक, "जायचंच आहे त्यांना" असं मला बजावून. मी गादीवर बसून होतो. साड्या उलगडणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय झालं, वहिनींची साडी भिजली कशाने?" मी सांगितलं. "बेअरिंग," ते म्हणाले. शेजारची दोन गिऱ्हाइकं म्हणाली, "छे, टायर." चहा आणणाऱ्या बाईंनी गाडी विकून टाकायला सांगितलं. मुंबईत रस्ता विचारला तर माणसं कधी कधी नाही म्हणतात, पण आजाराचं निदान विचारलं तर कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही.

माटुंगा

साडीच्या दुकानातलं बहुमत टायरच्या बाजूने पडलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी माटुंगा. इथे रस्त्याकडेला झाडं आहेत आणि झाडाखाली थांबलेल्या माणसाला कोणी हाकलत नाही. आधी फिल्टर कॉफी घेतली. आमच्याकडे चहावाला कपात ओततो आणि विसरतो, इथे माणूस कॉफी हातभर उंचावरून ओततो आणि आपल्याकडे बघतो, आपण बघितलं की नाही ते तपासायला. आम्ही बघितलं.

टायरच्या दुकानाचे मालक नाईक नावाचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ. मी म्हणालो, "चाकांचं बॅलन्सिंग करायचंय." त्यांनी मान हलवली. चारही चाकं काढून एकेक यंत्रावर गरगर फिरवली, जिथे जड-हलकं होतं तिथे शिशाची बोटभर वजनं ठोकली, चाकं परत बसवली. काम असं नेटकं की मला वाटलं, झालं, सुटलो. पाच बागांच्या भोवतालचा रस्ता त्या वेळी मोकळा होता. पाय दाबला, पेला सांडला. पाय काढला, पाणी स्थिर. परत दाबला, परत सांडला. नीला या वेळी प्लास्टिकचा एप्रन घालून आली होती.

परत दुकानात. नाईकांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाय काढला की थांबते?"

"लगेच थांबते."

"मग चाकात नाही. चाकात दोष असता तर पाय काढल्यावरही राहिली असती, गाडीचा वेग उतरेपर्यंत. जोर देताना येतेय म्हणजे मोटर आणि चाक यांच्या मध्ये कुठेतरी आहे."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बॅलन्सिंग मागितलंत," नाईक म्हणाले.

मी त्यांच्याशी भांडणार होतो, पण नीलाने मला ओढून बाहेर काढलं. तिचं म्हणणं, इतका सरळ माणूस या शहरात सापडला याचा आनंद मान. मी अजून मानलेला नाही. त्यांनी निघताना परळचा पत्ता मात्र दिला, विजेच्या गाड्यांचंच काम करणाऱ्या एका गॅरेजचा.

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "काय म्हणतेय गाडी?"

"शुभ प्रभात म्हणतेय," मी म्हणालो. आई हसली, पण नवी साडी तिने घडीही न मोडता कपाटात ठेवली होती.

परळ

परळला जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेचे मनोरे आहेत, आणि मनोऱ्यांच्या पायाशी अजून काही गाळे तगून आहेत. त्यातल्या एकात तेजस. तिशीच्या आतला, इंजिनिअर, बोलायला घेतला की थांबायचा नाही. नाईकांच्या शेजारी याला बसवला तर दोघांचं मिळून बरोबर होईल. गाडीपाशी येताना त्याने कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले, पायात जाड बूट घातले, मला तीन पावलं मागे सरकवलं आणि नारिंगी वायरींकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ह्यांना हात लावायचा नाय. तुम्ही पण नाय, मी पण नाय." मला तो तिथेच आवडला.

त्याला आल्याआल्याच खात्री होती. "खालचं प्लास्टिकचं कव्हर सैल झालंय. शंभर टक्के." कव्हर घट्ट केलं. परळच्या पुलावर जाऊन आलो. नीलाने एप्रन झटकला. "मग शंभर टक्के नव्हतं," तेजस म्हणाला, अजिबात न ओशाळता, आणि म्हणाला, आता गाडी रॅम्पवर चढवून खालून बघतो, तोवर जेवून या.

समोरच एक मालवणी खाणावळ होती. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. वाढणाऱ्या बाईंनी नीलाचा ओला एप्रन बघून विचारलं, "काय गो, धुणी धुवून इलंस?" नीलाने सगळी हकिकत सांगितली, मावशीच्या सोहळ्यापर्यंत. बाईंनी कढीची वाटी पुन्हा भरली आणि म्हणाल्या, "जातली गो म्हातारी. बहिणीकडे जावचा आसला की वाट गावता." त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी निदानही केलं नाही. सबंध प्रवासात एवढ्या एकाच व्यक्तीने.

परत आलो तर गाडी डोक्याइतकी वर आणि तेजस खाली टॉर्च घेऊन उभा.

"काका, इकडे या. हा दांडा दिसतोय? हा ड्राइव्ह शाफ्ट. मोटरचा जोर ह्याच्यातून चाकाला जातो. हा डावीकडचा वाकलाय. थोडासाच, पण वाकलाय. आणि मोटर ज्या रबरी बैठकीवर बसते ती इथे फाटलीय. तुम्ही जोर दिला की सगळं नाचतं."

"पण वाकला कसा?"

"तेच विचारतोय. गाडी कोणी उचलली होती का?"

मी हसलो. "दीड टनाची गाडी कोण उचलणार?"

"जॅक चुकीच्या जागी लावला?"

"जॅक अजून पिशवीतून काढलेला नाही."

"काका, इथे खालून पहार किंवा पाइप घालून वर रेटलंय. नशीब, बॅटरीला लागलं नाय. हे बघा." त्याने शाफ्टच्या बुडाशी अडकलेले दोन-चार धागे चिमट्याने ओढून काढले. गोणपाटाचे. "कोणीतरी ओरखडा येऊ नये म्हणून गोणपाट गुंडाळून रेटलंय. आणि हा रंग."

लोखंडावर शेंदरी ऑइल पेंटचा बोटभर डाग होता.

आता आमच्या मंडळाची पहार, पाइप, कप्प्या, झाडून सगळ्या वस्तू शेंदरी रंगवलेल्या आहेत. शेजारच्या वाडीने ढापू नयेत म्हणून. रंगवायला वर्गणी मीच दिली होती. मी नीलाकडे बघितलं, नीलाने माझ्याकडे.

"सत्यनारायण," नीला म्हणाली.

मंडप चौकात कुठे पडतो ते मला माहीत होतं. गाडी मी नेमकी कुठे लावून कोल्हापूरला गेलो होतो तेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी आयुष्यात एकदाही शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या.

तेजसने नवा शाफ्ट आणि नवी रबरी बैठक मागवली. "पुण्याहून येईल. शनिवारपर्यंत आलं तर बसवून देतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर सोमवारी बसवतो," तो म्हणाला. सोमवारी आम्हाला गाडी नको होती.

पुन्हा गिरगाव

बाळा मंडळाच्या ऑफिसात कॅरम खेळत होता. मी गोणपाटाचे धागे बोर्डावर राणीशेजारी ठेवले. त्याने एकदा धाग्यांकडे पाहिलं आणि स्ट्रायकर खाली ठेवला.

"काका, तुम्ही म्हणालात हाक मारा. मारली. तुम्ही कोल्हापूरला."

"म्हणून उचलली?"

"मग काय करणार? मंडपवाला खोळंबलेला, भटजी वेळेवर आलेले. गाडी हलेना. पण काका, आईशप्पथ, ओरखडा येऊ दिला नाय. गोणपाट बांधलं. चौदा पोरं लावली. खडूने चारी चाकांच्या खुणा करून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच खुणांवर परत ठेवली. उलट तुम्ही तिरकी लावली होती, ती जरा सरळ केली." शेवटचं वाक्य तो अभिमानाने बोलला.

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"आम्हाला वाटलं, आईंनी सांगितलं असेल."

"आईंनी?"

मी तरातरा घरी आलो. आई खिडकीत होती. त्या खिडकीतून चौकाचा कोपरानकोपरा दिसतो.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मीच तर सांगत होते, डावीकडे घ्या, तुळशीला लागेल. किती अलगद उचलली रे पोरांनी. बाळा पुढे, एक-दोन-तीन म्हणाला की सगळे एकदम. डुललीसुद्धा नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू रागावला असतास. आणि उचलल्याने गाडी थरथरते हे मला कुठे ठाऊक? गणपती नाही थरथरत कधी."

मी पलंगावर बसलो. ज्या थरथरीने आईचं जाणं रद्द होत होतं ती तिच्या देखरेखीखाली तयार झाली होती, आणि तिला तो दिवस वर्षातला सगळ्यात मजेचा वाटलेला दिसत होता. नीला दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मग मलाही हसू आलं, काय करणार.

बाळा मात्र हसला नाही. शुक्रवारी त्याने दोनदा येऊन विचारलं, पुण्याहून काही आलं का. शनिवारी दुपारी तो आपण होऊन परळला तेजसच्या गाळ्यासमोर जाऊन बसला. खोकं आलं, शाफ्ट बसला, बैठक बसली. गाडी घेऊन मी आणि तो पुलावरून दोनदा गेलो, पेला बाळाच्या हातात. काठोकाठ भरलेला, आणि थेंब सांडला नाही. बाळाने ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "काका, उद्या मी पण येतो. माझी चूक आहे, मी पोचवणार." मी म्हणालो, "ये, पण गाडीला हात लावायचा नाही."

लालबाग

रविवारी सकाळी आई नवी साडी नेसून मागच्या सीटवर, शेजारी बाळा, पुढे नीला आणि पेला. गाडी शुभ प्रभात म्हणाली आणि प्रथमच वेळ बरोबर होती. पुलावर मी पाय दाबला. आरशात आईला बघत होतो. तिने सीटची पाठ धरली नाही. ती बाहेर बघून बोलत होती: इथे पूर्वी अमुक होतं, तिथे तमुक, ताईच्या लग्नाची वरात इथूनच आली होती. तिला बोलताना ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी एक वळण चुकलो.

भारतमाता सिनेमाच्या पुढे मसाल्याचा वास सुरू होतो, मग चिवड्याचा. लालबागला माणूस डोळे मिटून पोचू शकतो. ताईमावशीच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. गल्ली नव्हती. म्हणजे होती, पण खणलेली. सिमेंटचा रस्ता करायचा म्हणून आदल्या दिवशीच कोणीतरी येऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चर पाडून गेलं होतं. कडेने मातीचे ढीग, चरावर दोन-तीन फळ्या. त्या पलीकडे, लांब, ताईमावशीची इमारत, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत लालसर साडीतली एक ठिपक्याएवढी व्यक्ती.

मावसभावाला फोन केला. "अरे, काल घाईत तुला कळवायचं राहिलं," तो म्हणाला. "तुझ्या आईला चालवत आणता येईल का?"

आई घरात पंधरा पावलं चालते. त्यात फळी नसते.

"ती ताई आहे का रे?" आईने काच खाली करून विचारलं. "गॅलरीतली?"

"हो."

आईने हात हलवला. पलीकडून कोणी हलवला की नाही ते दिसलं नाही. "भेटलो म्हणायचं," ती म्हणाली. "एवढ्या जवळ आले, पुष्कळ झालं. चल, परत घे." आठवडाभर मी एका लोखंडी दांड्याच्या मागे धावलो होतो आणि शेवटची शंभर पावलं कोणाच्याच हिशेबात नव्हती.

बाळा गाडीत नव्हता. कधी उतरला कळलंच नाही. आला तो एक हातांची लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन, मागे तिथल्या मंडळाचे चार-पाच जण.

"नाही," मी म्हणालो. "बाळा, नाही. दीड टनाच्या गाडीचं काय केलंस आठवतंय ना?"

"काका, गाडीला कुठे धरायचं ते माहीत नव्हतं," बाळा म्हणाला. "माणसाला माहितीये."

तेवढ्यात त्यांच्यात भांडण जुंपलं. बाळाचं म्हणणं, दोघांनी मागचे पाय धरायचे, दोघांनी पुढचे. लालबागचा एक धिप्पाड गडी म्हणाला, "दादा, गिरगावात असं करत असाल. इथे फळीवर पुढचा माणूस उलटा चालतो, तोंड मूर्तीकडे."

"आम्हाला नका शिकवू. आम्ही आमचा गणपती बोळातून काढतो."

"आणि आम्ही कुठून काढतो, हवेतून?"

"भांडू नका रे," आई गाडीतून म्हणाली. "हा म्हणतोय ते बरोबर आहे, तोंड माझ्याकडे असू दे. बाळा, तू पुढे हो. तूच एक-दोन-तीन म्हण. आणि सुहास, तू बाजूला सरक, मध्ये मध्ये येतोस." सुहास म्हणजे मी.

तिला खुर्चीत बसवली, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होताच, वरून नीलाची शालही बांधली. आईने हात पुढे करून नीलाकडून पेला मागून घेतला आणि मांडीवर धरला. बाळा म्हणाला, एक, दोन, तीन. खुर्ची वर गेली. सवयीने मागून कोणीतरी ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"मेल्या, विसर्जन करतोस काय माझं?" आई वरून म्हणाली. "आगमन आहे हे."

मग आगमनाचा गजर झाला. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. फळीवर बाळा उलटा चालत, एक एक पाऊल चाचपत, घामाने निथळत, डोळे आईच्या चेहऱ्यावर. मी चराच्या कडेने मातीतून धडपडत चाललो होतो. एका पायाची चप्पल चरात गेली ती गेलीच, आजही त्या सिमेंटखाली असेल. खुर्ची डुलली नाही. जिना आला, पहिला मजला आला, आणि त्यांनी आईला ताईमावशीच्या समोर अलगद टेकवलं.

पेला भरलेला होता.

"कशी आलीस गं?" ताईमावशीने विचारलं. तिचे हात आईच्या तोंडावरून फिरत होते.

"उचलून आणली मला," आई म्हणाली. "घे, पाणी पी." आणि मग दोघी अशा रडायला लागल्या की गुरुजींना मंत्र थांबवावे लागले. बाळा जिन्यात तोंड फिरवून उभा होता.

ओवाळणं झालं, जेवणं झाली, संध्याकाळी त्याच चौघांनी तशीच खुर्ची परत आणली. लालबागच्या त्या धिप्पाड गड्याने बाळाला चिवड्याची पिशवी दिली आणि म्हणाला, "गिरगाव पण ठीक उचलतं." बाळा सबंध रस्ताभर ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

घरी आलो. बाळा गेला, नीला चहाला गेली. आईची साडी बदलून झाल्यावर मी तिचे पाय दाबत बसलो होतो.

"त्या दिवशी गाडी उचलली ना," आई म्हणाली, "तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. बाळाला हाक मारून सांगावं, तिला काय उचलताय, तिला ठेवा आणि मला न्या ताईकडे."

"मग सांगितलं का नाहीस?"

आईने डोळे मिटले होते.

"तू हौसेने गाडी घेतली होतीस ना रे माझ्यासाठी," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."